मोंबासातली मराठी सही

सरकारने प्रांतांची नवी वाटणी केली, त्याचा राग मी मोंबासाच्या एका बँकेवर काढला.

मी तिथल्या बंदरावर फिटर होतो. घर नागपूरजवळ सौंसरला. बाबांच्या पत्रात दोन बातम्या एकदमच आल्या. पहिली, नागपूर मुंबईकडे गेलं आणि आपला मराठी तालुका हिंदीवाल्या भोपाळकडे राहिला. दुसरी, विहिरीत पाणी आहे पण मोट पुरत नाही, संत्र्याची झाडं माना टाकून राहिली, इंजिन घ्यायला पैसे पाठव. एरवी मी गावाकडे निघालेल्या कोणाच्याही हाती पैसे देत असे. या खेपेला कोणीच निघेना, म्हणून बँकेत खातं उघडायला गेलो.

तिथे जयंतीभाई नावाचे कारकून होते. मोठे सज्जन. त्यांनी सगळे कागद भरून दिले आणि बोट ठेवून सांगितलं, इथे इंग्रजीत सही करा. एरवी मी मुकाट्याने केली असती. पण पहिली बातमी डोक्यात भणभणत होती. म्हटलं, सही मराठीतच होईल. ते म्हणाले, अहो, बँकेच्या इंग्रज साहेबाला ती वाचता येणार नाही.

"वाचायची नाही, फक्त पाहायची आहे," मी म्हणालो.

आणि अशी सही ठोकली की काय सांगू! माझं नाव, बाबांचं नाव, आडनाव, खाली 'सौंसर', आणि या सगळ्यांवरून आगगाडीच्या रुळासारखी एकच सलग रेघ. शेवटच्या वेलांटीने तर शेजारचा रकानाही व्यापला. बाहेर पडलो तेव्हा मला वाटलं, आपण भोपाळ आणि लंडन दोघांनाही एकाच फटक्यात उत्तर दिलं.

इकडे बाबाही खातं उघडायला मोटारीने नागपूरला गेले. (हे मला पुढे आईने सांगितलं.) तिथला कारकून म्हणाला, तुम्ही आता दुसऱ्या प्रांतातले, इथलाच कोणी ओळख देणारा आणा. बाबा खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले.

"मी कुठी गेलो बापा? मी जिथल्या तिथंच आहो. तुमचं नागपूरच उठून मुंबईले गेलं. म्हणून ओळख द्यायची तर तुम्ही द्या."

आणि उठेनात. शेवटी दुपारचा चहा प्यायला आलेल्या एका ओळखीच्या संत्र्याच्या आडत्याने ओळख दिली, तेव्हा कुठे बँकेला खुर्ची परत मिळाली.

बाबांचं खातं उघडलं. आता पैसे तेवढे पाठवायचे राहिले होते. मी सुटीच्या दिवशी ऐटीत बँकेत गेलो, कागदावर सही केली. जयंतीभाईंनी ती जुन्या सहीशेजारी धरली आणि माझ्याकडे पाहिलं. जुळत नव्हती. जुळणार कशी? पहिली रागात केलेली, ही खुशीत! दुसऱ्यांदा केली, तर वेलांटी आखूड. तिसऱ्यांदा मुद्दाम राग आणून केली, तर 'सौंसर'वरचा अनुस्वारच पळाला. साहेब बाहेर आला आणि हा माणूस खरा कोण आहे, असं त्याने जयंतीभाईंना माझ्यादेखत विचारलं. माझाच पैसा, आणि मीच चोर!

जयंतीभाई हळूच म्हणाले, इंग्रजीत छोटी नवी सही करा, आजच काम होईल. मी ठाम नकार दिला आणि घरी सगळं कळवलं. वाटलं, बाबा आता तरी म्हणतील, बाग मरून राहिली, हट्ट सोड. त्यांचं उत्तर आलं ते असं:

"इंग्रजीत सही करू नको. मराठीत जमत नसन तर अंगठा लाव."

मी निमूटपणे जाऊन अंगठा लावला. बँकेला काहीच अडचण नव्हती. उलट इतकी स्वच्छ खूण बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती म्हणे. पैसे नागपूरला पोचले, इंजिन सौंसरला आलं, अर्ध्याहून जास्त झाडं वाचली, आणि बाबांनी गावभर सांगितलं की पोरगा इंग्रजांपुढे वाकला नाही.

ते खरंच आहे. फक्त त्या दिवसापासून साहेब माझ्याशी फार सावकाश आणि फार मोठ्याने बोलू लागला. एकदा त्याने मला आत बोलावलं, खांद्यावर हात ठेवला आणि जयंतीभाईंकरवी समजावलं की शिकायला वय नसतं, लाज वाटू देऊ नको, बंदरावरच्या मजुरांसाठी संध्याकाळी अक्षरओळखीचा वर्ग भरतो तिथे जात जा. जयंतीभाई खाली मान घालून हसू दाबत होते. कारण त्या वर्गाचा मास्तर मीच होतो, आणि त्या आठवड्यात मी मजुरांना सही करायला शिकवत होतो.