पास करणाऱ्याचा पेढा

१२ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी मी प्रयोगशाळेच्या सिंकवर काचेची भांडी विसळत होते. नव्या प्लांटची पहिली बॅच मी नुकतीच पास केली होती. खाली टँकर भरायला लागला होता.

तारापूरच्या आमच्या कारखान्यात एक रीत आहे. नव्या प्लांटची पहिली बॅच पास झाली की प्लांटची माणसं पेढे आणतात, आणि पहिला पेढा पास करणाऱ्या केमिस्टने खायचा. मग बाकीचे खातात. आजवर मी तो आनंदाने खाल्ला, कधी दोन खाल्ले.

या वेळी खायचा नव्हता. दुसऱ्या दिवशी पालघरला उपाशीपोटी रक्त द्यायचं होतं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, आणि साखर जास्त निघाल्यामुळे ऑपरेशन एकदा पुढे गेलेलं. आमच्या तपासणीत द्रावण फिकट गुलाबी झालं की थेंब थांबवायचा असतो. तो गुलाबी मला उशिरा दिसू लागला होता, म्हणून प्रत्येक रीडिंग शेजारच्या केमिस्टने बघितल्याशिवाय मी लिहीत नव्हते. मॅनेजरसाहेबांना हे ठाऊक होतं. या महिन्यात डोळा झाला नाही तर तुम्हाला फायलींच्या टेबलावर बसवतो, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. साखरेचं मात्र मी कोणाला बोलले नव्हते. सांगितलं की जो तो कारल्याचा रस सुचवतो.

एका पेढ्याने काय होतं, हे मलाही कळतं. पण माझ्या पोटात एक पेढा एकटा कधी गेलेला नाही.

प्लांटचा ऑपरेटर खोका घेऊन दाराशी आला. तो दातिवऱ्याचा, कोळ्याच्या घरातला. नवी होडी पाण्यात घालताना पाळावी तशी तो ही रीत पाळतो. प्रयोगशाळेत खाणं चालत नाही, म्हणून मी हात पुसून व्हरांड्यात गेले. केशरी पेढे, वर पिस्त्याचे काप. तोंडाला पाणी सुटलं. मी म्हटलं, पोट बरं नाही, तुम्ही वाटून टाका.

कँटीनमध्ये त्याने मला तासाभरापूर्वी व्यवस्थित जेवताना बघितलं होतं. खोका तसाच धरून त्याने विचारलं,

"मॅडम, बॅचमदी काय हाय का?"

मी हसले. तो हसला नाही. खोका बंद करून खाली गेला.

थोड्याच वेळात पंपाचा आवाज थांबला. खिडकीतून पाहिलं तर सगळे टँकरपाशी उभे, खोका तसाच बंद. एक लोडर दुसऱ्याला सांगत होता, "मॅडमने नहीं खाया, मतलब कुछ गड़बड़ है."

मॅनेजरसाहेब वर आले, मागून ऑपरेटर, त्याच्यामागे चारपाच जण. साहेब वैतागले होते. ड्रायव्हर थांबलाय, गिऱ्हाईक फोन करतंय, आणि एवढ्याशा पेढ्यासाठी काय हे. अर्धा तरी खा आणि विषय संपवा, म्हणाले. एक पेढा त्यांनी माझ्या तोंडापाशी धरला. तुपाचा वास येत होता. खाल्ला असता तर पाच मिनिटांत टँकर गेटबाहेर गेला असता, आणि खोका जाता जाता माझ्यापर्यंत पुन्हा आला असता. खरं कारण सांगितलं तर त्यावर कोणता प्रश्न येणार, तेही मला दिसत होतं.

मी खरं सांगितलं. "मला डायबेटीस आहे. डोळ्याचं ऑपरेशन व्हायचंय, उद्या रक्त द्यायचंय. बॅच चांगली आहे."

मला दिसत होता तोच प्रश्न ऑपरेटरने विचारला. "मग रंग कोनी बगितला?"

साहेब जमिनीकडे बघत होते.

मी शेजारच्या केमिस्टकडे बोट दाखवून म्हटलं, मी बघितला आणि हिनेही बघितला. नमुना ठेवलेला आहे, पुन्हा करते, इथेच उभे राहा.

ते दारातून बघत राहिले. मी थेंब सोडत होते, शेजारची केमिस्ट फ्लास्कवर नजर लावून होती. "थांबा," ती म्हणाली. रीडिंग तेच आलं. मघाशी तिनेही बघितलं होतं, मग पास करणारी तीही, असं ऑपरेटरने ठरवलं आणि तिला व्हरांड्यात बोलावून पहिला पेढा दिला. ती संकोचली, मीच म्हटलं, खा. खाली पंप सुरू झाला.

एक पेढा कागदात बांधून तो माझ्या हातात देत होता, ऑपरेशननंतर खा म्हणून. मी परत दिला. तो पेढा तेवढे दिवस टिकला नसता. संध्याकाळपर्यंत तिघांनी कारल्याचा रस सांगितला आणि एकाने जांभळाच्या बियांची पूड.

शुक्रवारी सकाळी पालघरच्या लॅबचं शटर उघडायच्या आत मी तिथे उभी होते. रक्त दिलं, बाहेरच्या बाकावर डब्यातली भाकरी खाल्ली आणि रिपोर्ट हातात येईपर्यंत तिथून हलले नाही. आकडा खाली होता. तसाच दवाखान्यात नेला, ऑपरेशनची तारीख घेतली आणि दुपारच्या आत बोईसर स्टेशनवर उतरून कामावर हजर झाले.