गावंडे मॅडमचं खोटं वाक्य

बारावीच्या चाचणीत मी मराठीचा पेपर कोरा दिला होता.

वर नाव आणि रोल नंबर. खाली काही नाही.

तो पेपर ज्यांच्या हातात पडला, त्या आमच्या मराठीच्या गावंडे मॅडम आज सकाळी गेल्या.

कॉलेजच्या ग्रुपवर हात जोडलेले इमोजी येत आहेत. मला ते जमत नाही. लिहितो.

'लिहितो' हा शब्द आज मी सहज वापरतो. तेव्हा त्या शब्दापासूनच पळायचो.

मला सगळं यायचं. तोंडी विचारलं की धडाधड सांगायचो. कागद समोर आला की पहिलं वाक्य लिहायचं, खोडायचं. पुन्हा लिहायचं, पुन्हा खोडायचं. वाटायचं, मागे कोणीतरी उभं राहून वाचतंय आणि हसतंय.

शेवटी खोडणं नको म्हणून लिहिणंच सोडलं.

आमचं गॅरेज दारव्ह्याच्या बसस्टँडजवळ. घरात हिंदी, गल्लीत वऱ्हाडी. पुस्तकातली मराठी फक्त पुस्तकात. तिचा मालक दुसराच कोणी आहे, असं वाटायचं.

अब्बा म्हणायचे, "लिखना है तो लिख. नहीं तो पाना पकड़."

रागाने नाही. त्यांना गॅरेजमध्ये माणूस हवा होता. बोर्डात मराठी राहिली की माझं कॉलेज संपणार, हे आमच्यात न बोलता ठरलं होतं.

मॅडमनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. त्या डबा खात होत्या. कोरा पेपर पुढे ठेवला.

"इरफान, पेन तं चालू होता ना तुहा?"

बाकीचे सर हसले. मीही हसलो. मग मला रडू आलं.

"मले लिहिता येत नाही, मॅडम."

"बोलता येते?"

"हो."

"मग बोल. मी लिहितो."

वर्गात त्या 'लिहिते' म्हणायच्या. डब्यासमोर वऱ्हाडी 'लिहितो'.

तेव्हापासून मधल्या सुट्टीत हेच सुरू झालं. मी बोलायचो, मॅडम लिहायच्या. वर्गातली पोरं मला 'साहेब' म्हणायला लागली. साहेबांना स्टेनो मिळाली म्हणे.

माझी वाक्यं त्यांच्या अक्षरात छान दिसायची. पण माझी वाटायची नाहीत.

एक दिवस मी एका लग्नाच्या वऱ्हाडाची गोष्ट सांगितली. वऱ्हाड घेऊन निघालेली काळीपिवळी जीप आमच्या गॅरेजसमोर बंद पडली होती. मुहूर्त टळत चाललेला. अब्बा गाडीखाली. वऱ्हाडी वाकून वाकून त्यांना सल्ले देत होते. नवरदेव मुंडावळ्या बांधून टायरच्या ढिगावर बसलेला, आणि अम्मीने त्याला बशीत चहा ओतून दिलेला.

मॅडम लिहीत होत्या. मी सहज डोकावलो.

'नवरदेवाच्या आईच्या डोळ्यांतून घळाघळा आसवे ओघळू लागली.'

मी म्हटलं, "मॅडम, कोणी रडलं नाही."

"मुहूर्त टळून राह्यला होता ना? मंग रडली असन."

"नाही. आई तं शिव्या देऊन राह्यली होती. नवरदेव हसून राह्यला होता."

"ते बरं नाही दिसत, बाबू. आसवं बरी दिसतात."

"पण खोटं आहे ते."

त्यांनी वाक्य खोडलं नाही. पुढे लिहायला लागल्या.

मी त्यांच्या हातातून पेन हिसकावला.

शिक्षकाच्या हातातून पेन हिसकावणं म्हणजे काय, हे आमच्या कॉलेजात शिकलेल्या कोणालाही सांगावं लागणार नाही. बाकीचे सर डबे सोडून बघायला लागले.

मी ते वाक्य खोडलं. वर लिहिलं, आई शिव्या देत होती.

मग थांबवेना. कोणत्या शिव्या, ते लिहिलं. अब्बांचे फक्त पाय दिसत होते, ते लिहिलं. गाडी सुरू झाल्यावर नवरदेव रिकामी कपबशी स्वतः आत नेऊन ठेवून आला, ते लिहिलं.

मागे कोणी हसतंय का, हे बघायचं राहून गेलं.

घंटा झाली. मॅडम डबा बंद करून तासाला गेल्या. मी लिहीत राहिलो.

बोर्डाच्या पेपरला मी हात वर केला.

"सर, पुरवणी."

पुरवणीला दोरा बांधला आणि पुढचं वाक्य लिहायला घेतलं.

अब्बांनी गॅरेजमध्ये दुसरा माणूस ठेवला.

पुढे मी मराठीत एमए केलं. माझं पुस्तक आलं. ते घेऊन मॅडमच्या घरी गेलो, तेव्हा त्या रिटायर झाल्या होत्या. मी विचारलं, आसवांचं ते वाक्य तुम्ही मुद्दाम लिहिलं होतं ना?

"मुद्दाम कायले? मले तसंच लिहिता येते," त्या म्हणाल्या. "मले कधी कोणी टोकलंच नाही ना."

मी हसणार होतो. त्यांचा चेहरा पाहून हसलो नाही.

त्यांनाही लिहायचं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांचं तपासत बसल्या होत्या.

मी म्हटलं, लिहा. मी टोकतो.

त्यांनी लिहिलं. फोनवर वाचून दाखवायच्या. मी म्हणायचो, मॅडम, ही बाई इथे रडणार नाही. त्या फोन ठेवून द्यायच्या. मग बरेच दिवस अबोला. मग तेच पान पुन्हा, आसवांशिवाय. प्रत्येक वेळी आधीपेक्षा चांगलं.

गेल्या वर्षी एका दिवाळी अंकात त्यांची पहिली कथा छापून आली. रिटायर झालेल्या नवऱ्याला स्वयंपाक शिकवणाऱ्या बाईची गोष्ट.

मॅडमनी गल्लीतल्या घराघरात अंक नेऊन दिला. ज्या बायांना वाचता येत नव्हतं, त्यांना ओट्यावर बसवून वाचून दाखवला. मग मला फोन.

"इरफान, बाया हसून राह्यल्या."

मी विचारलं, हसायच्या जागीच हसल्या का?

"तिथंच," मॅडम म्हणाल्या. असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. वर्गात पहिला नंबर आलेल्या मुलीचा आवाज होता तो.

आज सगळ्या मेसेजमध्ये 'सेवानिवृत्त प्राध्यापिका' असं लिहिलेलं आहे. खरं आहे, पण अपुरं आहे. पुढे पाठवाल तेव्हा दुरुस्त करून पाठवा.

कथालेखिका नलिनी गावंडे गेल्या.

मॅडम, तुमच्या विद्यार्थ्याचा आणि पहिल्या वाचकाचा तुम्हाला शेवटचा सलाम.