घर कुठल्या बाजूला?

हे सांगणं मी वर्षानुवर्षं टाळलं. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाचे दिवस होते. आमच्या साखर कारखान्यात इंजिनिअरिंगच्या एका विद्यार्थ्याला सहा महिने प्रशिक्षणाला घ्यायचं होतं आणि मुलाखती मी घेत होतो. थेट जात विचारण्याइतके आम्ही अडाणी नव्हतो. आम्ही फक्त विचारायचो, "गावात घर कुठल्या बाजूला?"

पालमकडच्या एका मुलाने बॉयलरचं ड्रॉइंग घडाघडा समजावलं. घराचं विचारताच तो हसला. "बौद्धवाड्यात, साहेब. बॉयलरला चालंल का?"

बॉयलरला चाललं असतं. मी संचालकांच्या भाच्याला घेतलं, ज्याने ड्रॉइंग उलटं धरलं होतं. प्रशिक्षणाविना त्या हुशार मुलाचं वर्ष वाया गेलं.

पुढे एकदा एसटीत तो शेजारी बसला. मला ओळखून त्याने नमस्कार केला. माफी मागायला मी तोंड उघडलं आणि गंगाखेड येईपर्यंत उसाबद्दल बोलत राहिलो.