फ्रीजबाहेर काढलेलं दूध

माझ्या दुधाच्या बाटल्या फ्रीजबाहेर ओट्यावर काढून ठेवल्या होत्या. कोमट झालेल्या. कधीपासून, कोण जाणे.

बाजूला प्राजक्ताची आई उभी होती. लेकीच्या बाळंतपणाला पुण्याहून आलेली. काकू शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या बाटल्या आमच्याला चिकटून होत्या. आमच्यात नाही चालत ते. दुसरीकडे ठेवत जा."

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतलं हॉस्पिटल. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा वॉर्ड. माझी मुलगी सातव्या महिन्यातच झाली. काचेच्या पेटीत, नाकात नळी. ओढून प्यायची ताकद तिच्यात नव्हती. मी पंप लावून दूध काढायचे, नर्स ते नळीतून द्यायची. उठलं की पंप, जेवलं की पंप. पोटावरचे टाके ओढायचे. बोंडं सोलून निघालेली. एवढं करून बाटलीचा तळ कसाबसा झाकला जायचा.

प्राजक्ताचा मुलगा शेजारच्या पेटीत होता. पंपाच्या खोलीत आम्ही दोघी शेजारी बसायचो. तिचं मराठी कानावर पडलं की बरं वाटायचं. आधी गरम टॉवेल ठेव, हे तिनेच मला शिकवलं. मग तिची आई आली. आदल्या दिवशी लाडवांचा डबा पुढे करत त्यांनी विचारलं, "नागपूरचे ना तुम्ही? आडनाव काय?" मी सांगितलं. "म्हणजे बौद्ध?" मी हो म्हटलं. डब्याचं झाकण लागलं. मला दिसलं. पण थकले होते. सोडून दिलं.

आता नर्सने बाटल्यांना हात लावून पाहिला. "सॉरी, हे बाळाला देता येणार नाही." तिने सगळं सिंकमध्ये ओतलं. पोरीच्या दुधाची वेळ झालेली. मला रडू आलं नाही. रडण्याइतकंही अंगात काही उरलं नव्हतं.

"कोणी बाहेर काढल्या?" नर्सने विचारलं.

प्राजक्ता माझ्या कानाशी आली. "चुकून झालं म्हण ना. आई जुन्या वळणाची आहे. ती काय इथे कायमची राहणार आहे?"

शाळेत असताना एका मैत्रिणीच्या घरी मला वेगळ्या पेल्यात पाणी मिळायचं. मी "तहान नाही" म्हणून उठायचे. स्वतःबद्दल म्हणता येतं तसं. माझ्या लेकीला भूक नाही, असं कसं म्हणू?

मी नर्सला इंग्रजीत सांगितलं, "यांनी काढल्या. माझ्या जातीमुळे."

तिला कळेना. "त्यांना इन्फेक्शनची भीती वाटली का?"

"नाही. मी ज्या घरात जन्मले, त्या घराची."

मग सावकाश समजावलं. आपली अब्रू परक्या भाषेत, शब्द शोधत शोधत. काकू मराठीत पुटपुटल्या, "एवढ्याशा दुधासाठी केवढा तमाशा."

"एवढंसंच होतं, काकू. म्हणूनच."

मोठ्या नर्सने तक्रार लिहून घेतली. काकूंना त्या खोलीत यायला बंदी झाली. माझं दूध पुरेना, म्हणून दुसऱ्या कुणा आईने दान केलेलं दूध देऊ का, असं मला विचारलं. मी हो म्हटलं. कुठल्या बाईचं, ते विचारलं नाही. दूध नळीतून पोटात गेलं आणि पोर झोपली.

संध्याकाळी नवरा आला. प्राजक्ताचा नवरा त्याचा मॅनेजर. आमचा व्हिसा त्याच नोकरीवर. खुर्ची पेटीजवळ ओढून तो बसला. मग म्हणाला, "तक्रार मागे घेऊ या का?"

वाईट माणूस नाही तो. घाबरलेला होता. मीही होते.

"नाही," मी म्हटलं. "नोकरी गेली तर परत जाऊ. पण चुकून झालं, असं मी सांगणार नाही. कुणालाच."

तक्रार तशीच आहे. प्राजक्ता आता पंपाच्या खोलीत माझ्याकडे पाठ करून बसते. बसू दे. मी खुर्ची बदलत नाही.