मामाजींचे पुनर्मूल्यांकन

पायउतार झालेले अध्यक्ष महाराष्ट्रात गावोगाव सापडतील. पण पायउतार झाल्याची बातमी ज्याच्यापर्यंत अजून पोचलेलीच नाही असा माणूस माझ्या मते एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा आहे. यवतमाळ जिल्ह्यात, दिग्रसच्या अलीकडे, कापसाच्या बाजाराचं आमचं गाव. त्याचं नगराध्यक्षपद मामाजींनी एकदाच भूषवलं. त्याला आता इतकी वर्षं झाली की त्यांना मत देणारे निम्मे लोक वर गेले आणि उरलेले निम्मे आपण दिलंच नव्हतं असं सांगतात. तरीही मामाजी रोज सकाळी इस्त्रीचा पांढरा सदरा घालून ओट्यावर बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतात, "काय, पाणी येते ना बराबर?" येत नाही असं कोणी म्हटलं की "पाहतो" म्हणतात. आणि पाहतात म्हणजे खरंच पाहतात. त्या माणसाच्या घरी जातात, कोरड्या नळासमोर थोडा वेळ उभे राहतात, चहा घेतात आणि परत येतात.

'माजी' या शब्दाशी त्यांचं हाडवैर. एका लग्नपत्रिकेत त्यांच्या नावामागं तो छापला गेला, तेव्हा मामाजी लग्नाला गेले, जेवले आणि आहेराच्या पाकिटावर नवरदेवाच्या नावामागं 'माजी अविवाहित' असं लिहून आले. फीत कापण्याची त्यांना इतकी ओढ की सदऱ्याच्या खिशात स्वतःची कात्री असते. लोकांच्या कात्र्यांना धार नसते अशी त्यांची तक्रार. शोकसभेत त्यांना कोणी बोलू नका म्हणत नाही, कारण ते ऐकतच नाहीत. मात्र मयताच्या गुणांपेक्षा मयताच्या घरापर्यंत आपण केलेल्या रस्त्याचं वर्णन त्यांच्या भाषणात जास्त असतं. शेजाऱ्याच्या सासूबाईंना श्रद्धांजली वाहताना त्यांनी खडीकरण आणि डांबरीकरण यांतला फरक समजावून सांगितला होता. मामीजी अशा वेळी घरातूनच म्हणतात, "बोलू द्या त्याइले. घरी बोलत नाहीत तेवढंच बरं."

त्यांच्या कारकिर्दीचं शिखर म्हणजे बसस्टँडजवळची स्वागतकमान. दोन सिमेंटचे हत्ती, वर कमळ, आणि मध्ये मामाजींचं नाव गावाच्या नावापेक्षा वीतभर मोठं. कमान झाली त्याच हंगामात कापसानं लादलेला एक ट्रक तिच्याखाली अडकला. कमान ठेंगणी झाली होती. तेव्हापासून सगळी वाहनं मागच्या रस्त्यानं जातात आणि कमान फक्त शेळ्यांचं स्वागत करते. पुढच्या निवडणुकीत मामाजींचं डिपॉझिट गेलं. त्यांच्या मते त्यात कमानीचा दोष नव्हता, कापूस उंच भरणाऱ्यांचा होता.

अशा माणसाच्या कारकिर्दीवर राष्ट्रीय चर्चासत्र व्हावं, ही गोष्ट मला आधी थट्टाच वाटली. पण मामाजींचा पुतण्या गावातल्या कॉलेजचा प्राचार्य. कॉलेजची तपासणी करायला समिती येणार होती आणि तिला दाखवायला एक चर्चासत्र हवं होतं. स्त्री सक्षमीकरण झालं होतं, पर्यावरण दोनदा झालं होतं. जेवण मामाजी देणार म्हटल्यावर विषय ठरला: मामाजींच्या कारकिर्दीचं पुनर्मूल्यांकन, नवे परिप्रेक्ष्य. यातल्या 'पुनर्' वर मी थोडा अडलो, कारण पहिलं मूल्यांकन मतदारांनी केलं होतं. 'राष्ट्रीय' ची सोय आदिलाबादहून एका लग्नासाठी आलेल्या प्राध्यापकानं झाली. त्याला दुपारपर्यंत थांबवून घेतलं म्हणजे दुसरं राज्य आलं. मामाजींनी पुतण्याला एकच अट घातली होती. "माही स्तुती नको. निष्पक्ष पाह्यजे. पन निष्पक्ष कसं पाह्यजे ते त्याइले आधीच सांगून ठेव."

चर्चासत्राच्या दिवशी मामाजी पहिल्या रांगेत मधोमध, मी त्यांच्या डावीकडे, मामीजी मागे. पहिल्या विद्वानानं शोधनिबंध वाचायला घेतला आणि मामाजींनी ऊस उत्पादकांना कसा न्याय मिळवून दिला ते सांगू लागला. आमच्या शिवारात कापूस, सोयाबीन आणि तूर. सभागृहातले शेतकरी एकमेकांकडे पाहू लागले. मामाजी माझ्या कानाशी वाकले. "जवाईबापू, म्या ऊस कवा लावला?" मी म्हटलं, निबंध दुसऱ्या कोणाचा असावा, फक्त नाव बदललेलं दिसतं. दुसरा निबंध वाचणाऱ्या बाईंनी तर कहर केला. पतीच्या निधनानंतर खचून न जाता मामाजींनी कारभाराची सूत्रं हाती घेतली, असं त्यांनी ठणकावून वाचलं. मागे मामीजींनी पदर तोंडाला लावला तो जेवणाची सुट्टी होईपर्यंत काढला नाही. आदिलाबादचे प्राध्यापक लोकशाहीवर बोलले आणि वरातीला उशीर होतो म्हणून निघून गेले. टाळ्या सगळ्यांनाच पडत होत्या. मामाजी मात्र दर निबंधागणिक खुर्चीत थोडे थोडे खाली सरकत होते.

रोडगे आणि वांग्याची भाजी खाऊन सभागृह पेंगत असताना शेवटी इतिहासाच्या मॅडम उठल्या. वयानं लहान, तासिकेवर नेमलेल्या. तास झाला तर पगार, नाही तर नाही. त्यांनी कमानीवर लिहिलं होतं, आणि त्यासाठी महिनोन्‌महिने गावात हिंडून लोकांशी बोलल्या होत्या. कमान उभी करायला बसस्टँडजवळची मिस्त्रींच्या गॅरेजांची रांग उठवली गेली, असं त्यांनी सांगितलं. पर्यायी जागा मिळाली ती गावाबाहेर, जिथं बरेच दिवस वीज नव्हती. आज तिथं गॅरेज चालवणाऱ्या यूसुफ मिस्त्रीचे वडील काही तिकडे गेले नाहीत. ते रोज सकाळी पान्यांची पेटी घेऊन हत्तीच्या पायाशी बसत आणि कोणाच्या सायकलची चेन उतरली तर बसवून देत. पुढे सुशोभीकरणाला बाधा येते म्हणून त्यांनाही तिथून उठवलं गेलं, आणि त्या कागदावर अध्यक्षांची सही होती.

सभागृहाची झोप उडाली. प्राचार्यांनी घंटी वाजवली. "मॅडम, वेळ संपला." ऊसवाल्याला त्यांनी दुप्पट वेळ दिला होता. मॅडमनी कागद आवरायला घेतले, तसे मामाजी उठले, मंचावर गेले, पुतण्यापुढची घंटी उचलून कात्रीच्या खिशात टाकली आणि म्हणाले, "वाचा, बाई. पुरं वाचा." मग खाली न येता मंचावरच्या एका बाजूच्या खुर्चीत बसून त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. त्यानंतर त्यांचंच समारोपाचं भाषण होतं. ते आठ दिवस पाठ करत होते हे मला माहीत होतं. ते माइकपाशी गेले, "बाईनं वाचलं ते झालतं," एवढंच बोलले आणि मामीजींना घेऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी पुतण्यानं मॅडमचे तास बंद करायचं ठरवल्याचं कळलं. मामाजी मला घेऊन त्याच्या केबिनमध्ये गेले आणि बसायच्या आधीच विचारलं, "त्या पोरीले काहून काढून राह्यला?"

"काकाजी, तिनं तुमची इज्जत काढली."

"इज्जत माही होती का तुही? मले सांग, काल आलेल्यातून माह्याबद्दल कोन बोललं? एकानं ऊस लावला. एकीनं मले विधवा केलं. या गावात फिरून, लोकाइले इचारून माह्याबद्दल लिहिलं ते या पोरीनंच. तिले काढलं तं मी रोज येऊन तुह्या दारात बसन, आन येईन त्या समितीले कमानीची गोष्ट सांगन."

हे ते नक्की करतील याविषयी पुतण्याला शंका नव्हती. मॅडमचे तास राहिले. चर्चासत्राचं पुस्तक निघालं त्यात ऊस होता, पतीचं निधन होतं, फक्त मॅडमचा निबंध नव्हता. समिती खूश होऊन गेली.

त्यानंतर एका दुपारी मामाजी म्हणाले, "चाला, यूसुफकडे जाऊ." मी स्कूटर काढली. यूसुफ मिस्त्रीचं गॅरेज आता बरं चालतं. त्यानं हात पुसले, अध्यक्षसाहेब म्हणून खुर्ची दिली, चहा मागवला. मामाजी वडिलांविषयी काहीतरी बोलायला गेले, पण त्यांना वाक्य जुळेना. यूसुफनंच ते सोपं केलं. "अब्बा तं गेले, साहेब. ते होते तवा एकडाव आले असते तं त्याइले बरं वाटलं असतं." रागाचा एक शब्द त्यात नव्हता. तो असता तर मामाजींना बोलता आलं असतं. ते चहा संपेपर्यंत बसले, उठताना यूसुफच्या खांद्यावर हात ठेवला, आणि परत येताना वाटेत एकाही नळाची चौकशी केली नाही.

मॅडमना पुढे वर्ध्याकडे कायमची नोकरी लागली. जायच्या आधी त्या मामाजींच्या पाया पडायला आल्या, तर मामाजींनी त्यांनाच खुर्चीत बसवलं आणि निबंधाची एक झेरॉक्स मागून घेतली. ओट्यावर नवा माणूस आला की अजून ते त्या निबंधावर येतात. "माह्यावर अभ्यास झालेला हाय," असं छाती पुढे काढून सांगतात, आणि त्या अभ्यासात काय आहे ते ऐकून पाहुणा गोंधळून जातो. दृष्टी आता फार अधू झाली आहे, म्हणून मी गेलो की मला वाचायला सांगतात. मी वाचतो. हत्तीच्या पायाशी बसून एक म्हातारा सायकलची चेन बसवून देत असे, या वाक्यापाशी आलो की ते हात वर करतात.

"थांबा थोडं, जवाईबापू," म्हणतात, आणि रस्त्याकडे पाहत बसतात. मग आतून मामीजी चहा घेऊन येतात, आणि मी ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचतो.