नानांनी बंद केलेली टाकी

नानांची मुलगी वंदना, तिचा संध्याकाळी फोन आला, नाना गेल्याचा. मी पहिलं विचारलं ते हेच, की शेवटी श्वास लागला होता का? "नाही गं मावशी, दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत..." मला हायसं वाटलं. रडू नंतर आलं.

सचिन नावाच्या गावातल्या आमच्या कारखान्यात पंख्यांच्या प्लास्टिकच्या टोप्यांवर क्रोमसारखी चमक चढवतात. नाना तिथले फोरमन, मूळचे धुळ्याकडचे. मी परभणीची, माल तपासणारी. पूर्वी टोप्या क्रोमिक ॲसिडच्या टाकीत बुडवत. त्या वाफेनं नानांच्या नाकाच्या पडद्याला भोक पडलं होतं. माझ्याही नाकातून रक्त यायला लागलं, तेव्हा ते शेठसमोर जाऊन उभे राहिले. "शेठ, हमारा तो हो गया. इन बहनों का नहीं होना चाहिए."

बरेच महिने मागे लागल्यावर शेठनं व्हॅक्यूमचं मशीन आणलं. बंद पेटीतली हवा काढून घ्यायची, आत धातूची वाफ करायची, ती टोप्यांवर बसते. ॲसिड लागतच नाही. पण दिवस पावसाळ्याचे. पहिल्या मालावर मी चिकटपट्टी लावून ओढली, तर सगळी चमक पट्टीबरोबर आली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. शेठ वैतागून म्हणाले, टाकी भरा परत. नानांनी आठ दिवस मागून घेतले. हवेतली ओल प्लास्टिकला धरून राहते, असा त्यांचा संशय होता. म्हणून टोप्या आधी ओव्हनमध्ये मंद तापवून कोरड्या करायच्या आणि गार व्हायच्या आत पुढच्या कामाला घ्यायच्या, असं त्यांनी सुरू केलं.

आठव्या दिवशी पट्टी माझ्या हातात देऊन म्हणाले, "वढ, ताई. भ्याई काय ऱ्हायनी?" मी भीत भीतच ओढली. पट्टी कोरी! नाना डोळे पुसत हसायला लागले, "निंघनं नही... निंघनं नही..."

टाकी उपसून नेली तेव्हा ते शेवटपर्यंत तिथे उभे होते. माझं रक्त महिन्याभरात थांबलं. त्यांच्या नाकाचं भोक काही बुजलं नाही, पण खोकला गेला, आणि पुढची वर्षं नाना नीट झोपले, असं वंदना सांगते.

टाकीच्या त्या खोलीत आता आम्ही डबे खातो. खिडकीजवळ नाना बसायचे. ते गेल्यावर तिथे कोणी बसत नव्हतं. परवा नवीन लागलेली एक पोरगी नकळत तिथेच बसली. कोणी तिला ऊठ म्हणालं नाही. मी लोणच्याची बरणी तिच्याकडे सरकवली.