कपाटात ठेवलेलं बोलणं

माकुणसार गावच्या वाडवळ समाजात एम.ए. झालेली पहिली मुलगी म्हणजे हंसा चुरी, आणि तीही मानसशास्त्रात. हा विषय नेमका काय, हे तिच्या वडिलांना शेवटपर्यंत उमगलं नाही. कोणी विचारलंच तर "येड्यांच्या डागदराचं शिकली हाय," असं सांगून ते पानवेलींना पाणी द्यायला उठून जात. ते ऐकून वसईकडच्या दोन स्थळांनी पाय मागे घेतला. हंसाला त्याचं फारसं दुःख झालं नाही. तिला नोकरी हवी होती.

ती मिळाली १९६५ साली. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं आणि एका ठेकेदार कंपनीला कामगार पारखून घ्यायचे होते. पत्र्याच्या शेडमध्ये एक टेबल, एक स्टॉपवॉच आणि लाकडी ठोकळ्यांची पेटी. समोरचा माणूस ठोकळे किती वेळात जुळवतो यावरून हंसा ठरवायची, कोण यंत्रावर जाणार आणि कोण सिमेंटची तगारी उचलणार. त्या पेटीवर तिचा देवासारखा विश्वास होता.

महादू मांगेला वीस वर्षं समुद्रात सुकाणू धरलेला माणूस. होडी खडकावर फुटली म्हणून कामाला आलेला. त्याच्या जाडजूड बोटांना ते ठोकळे काही जुमानेनात. हंसाने लिहिलं, 'यंत्रकामास अयोग्य.' कारकुनाने त्याचा अर्थ रांगेतल्या सगळ्यांदेखत सांगितला, "डोकं कमी हाय तुजं. उचल तगारी."

बारा दिवसांनी महादूची बायको रंभाबाई शेडच्या दारात उभी राहिली. सुक्या बोंबलांची पाटी तिने उंबऱ्यातच आदळली.

"ठोकळेवाली बाय तूच ना? बारा दिस झाले, माजा नवरा माज्याशी बोलत नाय. माज्या हातचं जेवत नाय. काय सांगितलंस तू त्याला?"

हंसा तिला बुद्धी आणि हस्तकौशल्य यांतला फरक समजावू लागली. रंभाबाईने हात झटकला. "ते ऱ्हावू दे तुज्यापाशी. त्याला बोलता कर."

हंसाने महादूला दोनदा एकट्याला बोलावलं. दोन्ही वेळा तो जमिनीकडे बघत बसला. पुस्तकांत लिहिलं होतं, एका वेळी एकच माणूस घ्यावा. तिसऱ्या वेळी मात्र वैतागून तिने नवराबायकोला एकाच बाकावर बसवलं. मग महादू भिंतीला सांगावं तसा म्हणाला, "मी घरी जाऊन सांगितलं, आन ही हसली."

"तुला नाय हसली रे! हिच्या कागदाला हसली!" रंभाबाई ओरडलीच. "तुफानात सात माणसं घरी आणलीस तू. आन लाकडाचं तुकडं बसवता आलं नाय म्हणून डोकं कमी?"

महादूच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि हंसाला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या अक्षराची लाज वाटली.

त्यानंतर ती दोघं दर आठवड्याला येऊ लागली. लाजेपायी आपण ताडी पिऊन कामावर जातो, दोनदा पाइपांच्या आडोशाला झोपलो, हे महादूने बायकोसमोर कबूल केलं. पुढे ताडी सोडली, तेही तिथेच सांगितलं. शिकल्याप्रमाणे हंसा सगळं लिहून ठेवत होती. एकाचं बघून दुसरं जोडपं आलं, मग तिसरं. कामावरचे खाडे कमी झाले तसे कंपनीचे साहेब खूश झाले. त्यांनी तिला वेगळी खोली दिली, कुलपाचं लोखंडी कपाट दिलं. कोण कोणाकडे बघायचं टाळतो ते आधी हेरायचं, जो कमी बोलतो त्याला आधी बोलू द्यायचं, असं एकेक ती त्या बाकासमोर बसून शिकली. आपल्याला आपलं काम सापडलं, असं तिला वाटलं.

१९६८च्या अखेरीस बांधकाम आटपत आलं. माणसं कमी करायची होती. एका सकाळी साहेबांनी कपाटाची चावी मागितली.

"त्यात लोकांच्या घरातल्या गोष्टी आहेत, साहेब."

"कपाट कंपनीचं आहे, मिस चुरी."

हंसाने कुरकुर केली, पण चावी दिली. ही गोष्ट तिने पुढे कधी कोणापासून लपवली नाही.

नवव्या दिवशी काढलेल्यांची यादी लागली. पहिली चाळीस नावं जवळपास सगळी तिच्या बाकावर बसून गेलेली. महादूला मिळालेल्या कामावरून काढल्याच्या पत्रात तिचंच वाक्य टाइप केलेलं होतं, 'कामावर येण्यापूर्वी ताडी पितो. दोनदा कामावर झोपला.'

ती तशीच साहेबांकडे धावली. "त्याने ताडी कधीच सोडली. तेही त्याच फायलीत आहे!"

"तेवढं वाचायला वेळ कुणाला आहे?" साहेब म्हणाले.

हंसाने राजीनामा टेबलावर ठेवला. साहेबांनी तो शांतपणे घेतला. त्याने एकाही माणसाची नोकरी परत आली नाही.

ती रंभाबाईकडे गेली तेव्हा रंभाबाई अंगणात मासळी वाळत घालत होती. बस म्हणाली नाही.

"आमी तुला घरातलं सांगितलं, बाय."

"रंभाबाई, माझं चुकलं."

"त्याला तुज्याकडं मीच आणलं ना? आता तो म्हणतो, तोंड उघडलं की पोट जातं. माज्याशीबी नाय बोलत."

"एकदा दोघं या. मी काही लिहिणार नाही, शपथ घेते."

"नको." रंभाबाई खाली बघून मासळी उलटत राहिली. "आता त्याला बोलता करू नको."

हंसाने पालघरला बाजाराजवळ एक खोली भाड्याने घेतली. दोन खुर्च्या आणि एक बाक ठेवला, कागद-पेन ठेवलं नाही. चार महिने कोणी फिरकलं नाही. तारापूरची हकीकत तिच्या आधी पालघरला पोचली होती. मग एक शाळामास्तर बायकोला घेऊन आला, त्याच्यामागून कचेरीतला एक कारकून. चुरीबाईंकडे गेलं की मोडतं घर सावरतं, असं लोक म्हणू लागले. समोर कोणी तसं म्हटलं तर ती विषय बदलायची.

महादू सातपाटीला दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जाऊ लागला. हंसा अधूनमधून त्यांच्या गावी जाई. रंभाबाई तिला कोरा चहा देई, आणि महादू घरात असला तर मागच्या दाराने निघून जाई.